‘मठ्ठ’ ठरलेल्या उंदरांची हकिकत

वर्गातला एखादा मुलगा पाढ्यात अडखळला की आपण चटकन बोलून जातो, “याचं डोकंच चालत नाही.” डोके म्हणजे जणू एकच जाते, फिरले तर सगळे दळते, अडले तर काहीच नाही. ही समजूत ढिली करण्यात उंदरांचा मोठा वाटा आहे.

कॅलिफोर्निया विद्यापीठात रॉबर्ट ट्रायन या मानसशास्त्रज्ञांनी १९२० नंतरच्या दशकात मोठ्या जातीचे उंदीर एका चक्रव्यूहात सोडायला सुरुवात केली. त्यात १७ आंधळ्या गल्ल्या होत्या आणि शेवटी खाऊ. कमी चुकणाऱ्यांची जोडी कमी चुकणाऱ्यांशी लावायची, फार चुकणाऱ्यांची तशाच उंदरांशी. आपण बियाणे निवडतो ना, तसेच. सातव्या पिढीपर्यंत दोन घराणी जवळजवळ वेगळी पडली. लोकांनी त्यांना ‘हुशार’ आणि ‘मठ्ठ’ अशी नावे देऊन टाकली.

पण १९४९ साली ट्रायनच्याच उंदरांना सर्ल नावाच्या संशोधकाने दुसऱ्या परीक्षांना बसवले, तेव्हा ‘हुशार’ सगळीकडे पुढे दिसेनात! काही कामांत मठ्ठ त्यांच्या बरोबरीने उतरले. मग १९५८ साली कॅनडात कूपर आणि झुबेक यांनी अशाच निवडलेल्या घराण्यांतली पिल्ले घसरगुंड्या, बोगदे, झोके असलेल्या जागेत वाढवली. मठ्ठांच्या चुका जवळजवळ हुशारांइतक्याच कमी झाल्या. उघड्या-बोडक्या पिंजऱ्यात वाढवले, तर हुशारही मठ्ठांइतकेच चुकले.

म्हणजे रक्ताचा काही संबंध नाही? तसेही नाही. फरक नेमका कुठे राहतो हे पाहायला एका साच्यातले प्राणी हवे होते, आणि ते तयार होऊ लागले होते. हार्वर्डमध्ये क्लॅरेन्स लिटल यांनी १९०९ साली छोट्या, फिकट तपकिरी उंदरांचे सख्ख्या भावंडांत जोड लावत एक वाण सुरू केले. त्याला डीबीए म्हणतात. १९२१ साली त्यांनीच काळ्या उंदरांचे दुसरे वाण काढले. त्याची मूळ मादी मॅसॅच्युसेट्समधल्या ॲबी लॅथ्रॉप या बाईंच्या उंदीरपालनातली, ५७ क्रमांकाची. या बाई आधी शिक्षिका होत्या. कोंबड्या पाळून जमेना म्हणून उंदरांकडे वळल्या! अशा वाणातला प्रत्येक उंदीर दुसऱ्याचा जणू जुळा भाऊच.

आता परीक्षा कशी ती ऐका. उंदराला पेटीत ठेवायचे, एक सूर ऐकवायचा आणि सूर संपताना पायाला विजेचा हलका चटका द्यायचा. दुसऱ्या दिवशी तीच पेटी दिसताच तो थिजून बसतो. वेगळ्या पेटीत ठेवून नुसता सूर ऐकवला तरी थिजतो. पाहणाऱ्याला दोन्ही भीती सारख्याच वाटतील. पण १९९२ साली फिलिप्स आणि लेडू यांनी मोठ्या उंदरांवर दाखवले की मेंदूतला अमिग्डला नावाचा बदामाएवढा भाग निकामी केला तर दोन्ही भीती जातात. हिप्पोकॅम्पस हा भाग निकामी केला तर फक्त जागेची भीती जाते, सुराची राहते. (बदामाएवढा म्हटले ते माणसाच्या मेंदूत, उंदराच्या मेंदूत तो कितीसा असणार!)

याच दशकात ती दोन वाणे शेजारी ठेवून पाहिली गेली. काळ्या उंदरांना पेटी आणि सूर दोन्ही लक्षात राहत. डीबीएला सूर नीट आठवे, पेटी मात्र फारशी नाही. कुणी चाकू लावला नव्हता. जन्मतःच हिप्पोकॅम्पसकडची बाजू लंगडी. दुधाळ पाण्याच्या टाकीत बुडालेला पाट खुणांवरून शोधायचा म्हटले की हेच डीबीए गोल गोल पोहत राहतात. पाट पाण्यावर दिसेल असा ठेवला, की सरळ त्याच्यावर जाऊन बसतात.