चहापेटीचे कुलूप

अठराव्या शतकातील इंग्लंडच्या गृहजीवनाचा विचार करू लागलो, म्हणजे चहा ठेवण्याच्या लाकडी पेटीइतकी बोलकी वस्तू आम्हांला क्वचितच आढळते. रसिकांचे लक्ष तिच्या नक्षीकडे आधी जाते. इतिहासाच्या अभ्यासकाने मात्र प्रथम तिचे कुलूप पाहावे, असे आम्हांस वाटते.

या पेटीचे ‘कॅडी’ हे नाव मलायी भाषेतील ‘काटी’ या सुमारे ६०० ग्रॅम वजनाच्या मापापासून आले. चीनमधून येणारा चहा त्या काळी इतका महाग असे की, तो नोकरांच्या हाती न देता दिवाणखान्यात ठेवीत आणि किल्ली घरधनीण स्वतःजवळ बाळगी. ही पेटी जितकी चहाची, तितकीच अविश्वासाचीही होती.

कारागिरांनी या लहानशा तिजोरीस अलंकाराचे रूप दिले. टॉमस चिपेंडेलच्या १७५४ सालच्या नमुनाग्रंथात चहापेट्यांची रेखाटने आहेत. जॉर्ज हेपलव्हाइटच्या, त्याच्या मृत्यूनंतर १७८८ साली निघालेल्या ग्रंथातही ती आढळतात. साध्या लाकडाच्या सांगाड्यावर महोगनीचे किंवा शिसवीचे, करवतीने काढलेले पातळ पापुद्रे सरसाने चिकटवीत. जडावाचे तुकडे तापलेल्या वाळूत कडेने खुपसून किंचित करपवीत. त्यामुळे सपाट लाकडावर छायेचा व गोलाईचा भास होई. आत बहुधा दोन कप्पे असत, एक हिरव्या चहाचा व दुसरा काळ्या चहाचा; दमटपणा लागू नये म्हणून त्यांना आतून शिसेमिश्रित धातूचा पातळ पत्रा लावीत. काही पेट्या तर फळझाडाच्या लाकडाच्या, कातारकामाने सफरचंदाच्या वा नासपतीच्या आकारात घडविलेल्या असत. त्या फळालाही कुलूप असेच!

या कलेस आपल्या देशाचाही हात लागला. विशाखापट्टणच्या कारागिरांनी इंग्रज गिऱ्हाइकांसाठी हस्तिदंताने मढविलेल्या चहापेट्या केल्या; हस्तिदंतावर कोरलेल्या रेषांत ते काळी लाख भरीत. घाट इंग्रजी, हात आंध्रातले. बहुतेक पेट्यांवर मात्र घडविणाऱ्याचे नाव नाही.

१७८४ साली ब्रिटिश पार्लमेंटने चहावरील जकात ११९ टक्क्यांवरून साडेबारा टक्क्यांवर आणली. नेपोलियनशी झालेल्या युद्धांच्या काळात ती पुन्हा चढली, आणि किल्लीचे महत्त्वही टिकले. पुढे १८३३ च्या कायद्याने ईस्ट इंडिया कंपनीची चीनच्या व्यापारातील मक्तेदारी संपली. १८३९ साली आसामचा चहा लंडनच्या लिलावात प्रथम विकला गेला. चहा हळूहळू गरिबाच्या चुलीपर्यंत पोहोचला आणि कुलपाचे प्रयोजन सरले. तरीही पेट्यांना कुलपे बसविली जातच राहिली. गरज गेली तरी रूढी राहिली.

जकातीचे आकडे विद्यार्थी विसरतात. त्यांच्यापुढे अशा पेटीचे एखादे चित्र ठेवून ‘चहाला कुलूप कशासाठी?’ एवढेच विचारावे. त्या एका प्रश्नातून व्यापार, राज्यसत्ता आणि घरातील मालक-नोकर संबंध ही तिन्ही दालने उघडतात, असा आमचा विश्वास आहे.