श्रवणाची परंपरा आणि मालिकेचे अपयश : ‘सावित्रीजोती’विषयी खानदेशातून एक विचार

१

दूरचित्रवाणी मालिकेच्या अपयशाचा विचार साहित्यसमीक्षेने करावा काय, असा प्रश्न उपस्थित होणे स्वाभाविक आहे. नाट्यसंहिता आणि प्रयोग यांचा संबंध आपल्या समीक्षेने तपासला, कादंबरीच्या चित्रपटीय रूपांतराचीही थोडीफार दखल घेतली. मालिकेकडे मात्र ती करमणुकीच्या व्यवसायाचा एक भाग म्हणूनच पाहत आली. परिणामी सकस संहिता असलेली एखादी मालिका प्रेक्षकांअभावी बंद पडते, तेव्हा तिच्याविषयीचा निर्णय दोनच पक्ष देतात. वाहिनी आकडा दाखवते आणि चाहते अभिरुचीच्या ऱ्हासाबद्दल खेद व्यक्त करतात. वरवर परस्परविरोधी वाटणाऱ्या या दोन्ही निर्णयांमागचे गृहीतक एकच आहे. प्रेक्षक हा आधीपासून तयार असलेला समूह असून कलाकृती त्याच्यापुढे ठेवताच तो तिचा स्वीकार अथवा अव्हेर करतो, असे दोघेही मानतात.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन याहून वेगळे आहे. प्रेक्षक घडावा लागतो, आणि त्याला घडवणाऱ्या श्रवणाच्या संस्था मालिकेच्या कितीतरी आधीच्या असतात. हान्स रॉबर्ट याउस याने १९६७ साली ‘अपेक्षाक्षितिज’ ही संकल्पना मांडली, ती लिखित साहित्याच्या संदर्भात. मराठी प्रदेशात हे क्षितिज वाचनाने जितके घडले, त्याहून अधिक ते एकत्र बसून ऐकण्याने घडले. खानदेशापुरता हा इतिहास ध्यानात घेतला, तर २०२० साली बंद पडलेल्या एका मालिकेचा प्रश्न निराळ्या स्वरूपात पुढे येतो.

२

‘सावित्रीजोती : आभाळाएवढी माणसं होती’ ही मालिका सोनी मराठी वाहिनीवर जानेवारी २०२० मध्ये सुरू झाली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरअखेर बंद झाली. जोतीरावांची भूमिका ओंकार गोवर्धन यांनी, तर सावित्रीबाईंची अश्विनी कासार यांनी केली. फुले-साहित्याचे अभ्यासक हरी नरके (१९६३–२०२३) मालिकेशी निगडित होते. कागदपत्रांचा आधार घेऊन चरित्र मांडण्याचा प्रयत्न, भाषेतील संयम आणि चमत्कारांना दिलेला नकार यांमुळे जाणकारांनी तिची प्रशंसा केली. तरीही अपेक्षित टीआरपी न मिळाल्यामुळे ती थांबवण्यात आली. महाराष्ट्राने फुल्यांकडे पाठ फिरवली, असा विषाद तेव्हा अनेकांनी व्यक्त केला.

या विषादामागील तळमळ खरी होती. परंतु तिच्यातून निघणारा निष्कर्ष तपासून घेतला पाहिजे. काही कारणे तर उघडच आहेत. सोनी मराठी ही ऑगस्ट २०१८ मध्ये सुरू झालेली, तुलनेने नवी वाहिनी होती. २०१९च्या आरंभी लागू झालेल्या नव्या दररचनेमुळे वाहिन्यांची निवड करून पैसे मोजणे प्रेक्षकाच्या वाट्याला आले होते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीमुळे चित्रीकरण थांबले, आणि रोज भेटण्याच्या सवयीवर जगणाऱ्या मालिकेची ती सवयच काही महिने तुटली. ही कारणे गौण नाहीत. मात्र त्याच टाळेबंदीत, मार्चच्या अखेरीस, दूरदर्शनने १९८७ सालचे ‘रामायण’ पुन्हा दाखवण्यास आरंभ केला आणि देशभर त्याला अफाट प्रेक्षक मिळाला. तेहेतीस वर्षांपूर्वीची ती मालिका. तिची कथा प्रेक्षकाला शेवटापर्यंत ठाऊक होती, आणि ठाऊक होती म्हणूनच तो बसला. तेव्हा सवय केवळ वाहिनीची किंवा वेळेची नसते, ती कथेचीही असते, एवढे येथे नोंदवून पुढे जाऊ.

३

दुसरे कारण रूपबंधातले आहे. दैनंदिन मालिकेचा रूपबंध कुटुंबान्तर्गत संघर्षावर उभा असतो. घराच्या चार भिंतींत विरोधी पक्ष नांदतो आणि संघर्षाचा निकाल सतत पुढे ढकलला जातो. हे लांबणीवर टाकणे हाच तिचा प्राण होय. फुले दांपत्याचे चरित्र नेमके याच्या उलट दिशेने जाते. पतिपत्नींमध्ये तत्त्वाचा कलह नाही. शाळेच्या प्रश्नावरून १८४९ साली त्यांना घर सोडावे लागते आणि घरातला संघर्ष तेथेच संपतो. त्यानंतरचा सारा संघर्ष घराबाहेरचा, समाजाशी आणि धर्मसत्तेशी आहे. १८४८ची मुलींची शाळा, १८६३चे बालहत्या प्रतिबंधक गृह, १८६८ साली अस्पृश्यांसाठी खुला केलेला घरचा हौद, १८९७च्या प्लेगात रुग्णसेवा करताना सावित्रीबाईंना आलेला मृत्यू, या घटनांपैकी एकही घटना लांबवता येण्यासारखी नाही. प्रत्येक घटना म्हणजे एक निर्णय आहे, आणि घेतलेला निर्णय मालिकेला पुढच्या आठवड्यासाठी शिल्लक ठेवता येत नाही.

ही मीमांसा सयुक्तिक असली तरी पुरेशी नाही. स्टार प्रवाहवरील ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर : महामानवाची गौरवगाथा’ ही मालिका मे २०१९ ते ऑक्टोबर २०२० अशी सुमारे सतरा महिने चालली. तिची निर्मिती ‘सावित्रीजोती’च्याच निर्मात्यांची, म्हणजे दशमी क्रिएशन्सची होती, तिच्यातील संघर्षही प्राधान्याने घराबाहेरचाच होता, टाळेबंदी तिच्याही वाट्याला आली. स्टार प्रवाह ही अधिक रुळलेली वाहिनी होती, हा फरक मान्य केला पाहिजे. तो मान्य केल्यानंतरही एक शेष उरतो, आणि तो समजून घेण्यासाठी मालिकेकडून श्रवणाच्या इतिहासाकडे वळावे लागते.

४

खानदेशात क्रमशः ऐकण्याची परंपरा दूरचित्रवाणीपूर्वीची आहे. श्रावणात कानबाईच्या उत्सवात रात्र जागवून गाणी म्हणणाऱ्या स्त्रिया, तमाशाच्या फडासमोर पहाटेपर्यंत बसणारा गावगाडा, मुक्ताईच्या वारीतले कीर्तन, ही तिची लोकरूपे. आधुनिक काळातली दोन उदाहरणे तर साहित्येतिहासात नोंदलेली आहेत. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी एक याप्रमाणे गीतेवर अठरा प्रवचने दिली. ती उतरून घेतली साने गुरुजींनी, आणि त्या टिपणांतून ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ सिद्ध झाला. पुढल्याच वर्षी, १९३३ मध्ये, नाशिकच्या तुरुंगात साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहिली. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात सहा वर्षे शिक्षक असलेल्या या लेखकाने आपल्या पुस्तकाची प्रकरणे न म्हणता ‘रात्री’ म्हटल्या. बेचाळीस रात्री श्याम आश्रमातल्या मित्रांना आपली कथा सांगतो. धुळ्यातील साप्ताहिक श्रवणाचा अनुभव लगेच पुढच्या वर्षीच्या या रचनेमागे असावा, असे अनुमान करण्यास जागा आहे. पहिल्या रात्रीचा विषय सावित्रीव्रत हा आहे. मराठी घराला दीर्घकाळ ओळखीची असलेली सावित्री ती हीच. सावित्रीबाईंची कथा अशा कोणत्याही रात्रीत सांगितली गेलेली नव्हती.

आचार्य अत्रे यांच्या लागोपाठच्या तीन वर्षांतील कार्याकडे पाहिले म्हणजे हा भेद स्पष्ट होतो. १९५२ साली त्यांच्या प्रस्तावनेसह बहिणाबाई चौधरींची गाणी प्रसिद्ध झाली. १९५३ साली ‘श्यामची आई’ हा चित्रपट आला, त्याला पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक लाभले. १९५४ साली आला ‘महात्मा फुले’, त्यालाही राष्ट्रपतींचे रौप्यपदक मिळाले. तिन्हींमागे एकच कर्तृत्व आणि एकच प्रचारकौशल्य होते. त्यांपैकी पहिल्या दोन कृती घराघरांत गेल्या. जात्यावरची ओवी आणि आईची गोष्ट ऐकणारे कान तेथे आधीपासून होते. तिसरी कृती गौरवली गेली, परंतु घरच्या स्मरणात ती त्या प्रमाणात रुजली नाही. २०२० सालच्या मालिकेच्या वाट्याला आलेली स्थिती अशी सहासष्ट वर्षे आधीच सूचित झालेली होती.

५

याचा अर्थ फुले-विचाराला श्रवणाची संस्था कधीच नव्हती, असा मात्र नाही. सत्यशोधकी जलशाने तमाशाचा साचा घेऊन त्यात नवा आशय भरला आणि तो खेड्यापाड्यांत नेला. परंतु १९३०नंतर ब्राह्मणेतर चळवळीचा मोठा प्रवाह काँग्रेसमध्ये मिसळत गेला, तसा या जलशाचा आधार सुटला. आंबेडकरी जलसा नेमका याच काळात उभा राहिला, आणि पुढे वामनदादा कर्डकांसारख्या शाहिरांनी त्याची गाणी वस्तीवस्तीत पोचवली. आंबेडकरी समाजात जयंतीची रात्र ही ऐकण्याची रात्र झाली. धुळ्याजवळ लळिंगच्या पायथ्याशी असलेल्या लांडोर बंगल्यात डॉ. आंबेडकर १९३७च्या जुलैमध्ये मुक्कामी होते. त्या स्मृतीसाठी दरवर्षी ३१ जुलैला तेथे लोक जमतात. न्यायालयीन कामासाठी आलेल्या एका पाहुण्याचा मुक्काम लोकांनी यात्रेत रूपांतरित केला आहे. असा समूह मालिकेसमोर बसतो तेव्हा तो ओळखीची कथा नव्या रूपात पाहण्यासाठी बसतो.

फुल्यांचा वारसा खानदेशात टिकला तो मुख्यतः विचाराच्या आणि संघटनेच्या रूपात. धुळ्याच्या शरद पाटलांनी (१९२५–२०१४) १९७८ साली सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष स्थापन केला, आणि १९८८ साली ‘अब्राह्मणी साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ हा ग्रंथ लिहून फुले-आंबेडकरी दृष्टीला सौंदर्यशास्त्राच्या क्षेत्रात आणले. या ग्रंथाचे महत्त्व वादातीत आहे. पण ग्रंथाला वाचक मिळतो आणि जलशाला श्रोता. या दोहोंच्या मधली जागा दीर्घकाळ रिकामी राहिली. ३ जानेवारीला शाळाशाळांतून सावित्रीबाईंच्या प्रतिमेला हार घातला जातो, भाषणे होतात. प्रतिमापूजनाने आदर निर्माण होतो. गोष्ट ऐकण्याची ओढ त्याने निर्माण होतेच, असे नाही.

येथे स्वतः जोतीरावांच्या नाटकाचे स्मरण अपरिहार्य ठरते. १८५५ साली त्यांनी ‘तृतीय रत्न’ लिहून दक्षिणा प्राइज कमिटीकडे पाठवले. कमिटीतील भट सभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन सभासदांचे काही चालले नाही आणि नाटक नाकारले गेले, अशी हकिगत त्यांनीच ‘गुलामगिरी’त (१८७३) दिली आहे. हे नाटक छापून प्रसिद्ध झाले ते १९७९ साली, म्हणजे एकशे चोवीस वर्षांनी. अडाणी शेतकरी दांपत्य भटाच्या बोलण्याला कसे फसते आणि अखेरीस शिक्षणाकडे कसे वळते, हे दाखवणारे ते नाटक रंगभूमीवर वेळीच आले असते, तर मराठी प्रेक्षकाचे अपेक्षाक्षितिज कोणते झाले असते? या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही. परंतु १८५५ साली जे घडले नाही, त्याची किंमत २०२० साली मोजावी लागली, असे म्हणण्यास आधार आहे.

६

आता आकड्याविषयी. देशातील सुमारे वीस कोटी दूरचित्रवाणीधारक घरांचा कल बार्क ही संस्था २०२०च्या सुमारास जवळपास चव्वेचाळीस हजार घरांतील यंत्रांवरून काढीत होती. ग्रामीण घरे तर या मोजणीत २०१५ साली प्रथम आली. नमुन्याचे शास्त्र म्हणून यात गैर काही नाही. मात्र ही यंत्रे संच कोणत्या वाहिनीवर सुरू आहे आणि घरातील कोण पाहत आहे एवढेच सांगतात. जाहिरातदारासाठी ते पुरेसे असते. जळगाव जिल्ह्यातील एखाद्या गावात, घरात प्रथमच शिकलेल्या मुलीने आजीसोबत बसून जोतीरावांची शाळा पाहिली असेल, तर त्या पाहण्याचे वजन या मोजणीत इतर कोणत्याही पाहण्याइतकेच असते. त्या दोघींमध्ये पुढे काय बोलणे झाले, हे नोंदवण्याची तर तेथे सोयच नाही.

भाषेचा प्रश्नही याला जोडून येतो. २०११च्या जनगणनेत खानदेशी या भाषेखाली मोजलेले भाषक अठरा लाखांहून अधिक होते. कोल्हापूरची आणि मालवणची बोली मालिकांनी आपलीशी केली. अहिराणीला आणि बहिणाबाईंच्या लेवा बोलीला हे भाग्य क्वचितच लाभले. एकोणिसाव्या शतकातील पुण्याची कथा अहिराणीत सांगावी, असे कोणी म्हणणार नाही. परंतु पडद्यावरून आपली बोली कधी ऐकू न आलेल्या प्रेक्षकाला त्या पडद्यावरची कथा आपली वाटायला अधिक काळ लागतो, आणि ‘सावित्रीजोती’ला तर वर्षभराचाच अवधी मिळाला.

तेव्हा या अपयशाला प्रेक्षकाचा नकार म्हणणे इतिहासाला धरून नाही. तसे म्हणण्यात धोकाही आहे, कारण त्याच निर्णयाचा आधार घेऊन अशा विषयांची पुढली संहिता दारातच परतवली जाते. दक्षिणा प्राइज कमिटीचे काम मग आकडा करतो. हा निर्णय तपासून पाहण्याचे साधन आपल्या हाती आहे. जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठातील आणि धुळे-जळगावच्या महाविद्यालयांतील मराठी विभागांनी लोकगीते आणि बोली यांच्या संकलनाचे काम केले आहे. त्याच पद्धतीने घरातील पहिल्या शिक्षित पिढीच्या स्त्रियांनी काय ऐकले, काय पाहिले आणि त्यातले काय पुढे सांगितले, याच्या नोंदी आता घेतल्या पाहिजेत. ‘सावित्रीजोती’ कोणी पाहिली, याचे उत्तर त्या नोंदींतून मिळेल. आणि ज्यांनी ती पाहिली नाही, त्यांच्या कानी ही कथा पूर्वी कधी पडली होती काय, याचेही.