एका हाकेचे दिवे

विजेचा दिवा घरांत आला, तेव्हां त्याच्याबरोबर एक नियमहि आला. ज्या बटणाची तार ज्या दिव्याला जोडलेली, त्याच बटणाचा तो दिवा ताबेदार. दिवाणखान्यांतील चार दिवे एकदम लागावेत असें वाटल्यास ते चारहि एका तारेवर घ्यावे लागत. पुढें एका खोलीच्या दोन केल्या, तर गिलावा फोडून तारा नव्यानें घालणें भाग पडे.

तारेवांचून दुरून यंत्र चालवितां येतें, हें निकोला टेस्ला यानें १८९८ सालीं न्यूयॉर्क येथें एका लहान नौकेवर दाखविलें. घरांतील दिव्यांपर्यंत ही कल्पना पोहोंचण्यास मात्र पाऊण शतक लोटलें. १९७५ सालीं स्कॉटलंडमध्यें ‘एक्स-टेन’ पद्धति निघाली. तींत आज्ञा घरच्या विजेच्या तारांतूनच जाई. पुढें तिला हातांतल्या बिनतारी पेटीचीहि जोड मिळाली. घरासाठीं सोळा अक्षरें, दिव्यांसाठीं सोळा अंक, मिळून २५६ पत्ते. दोन दिव्यांना एकच पत्ता दिला कीं ते जोडीनें लागत. परंतु शेजाऱ्यानें तेंच अक्षर निवडलें, तर त्याची आज्ञा सामाईक तारांवरून येऊन या घरांतला दिवाहि विझवूं शके.

२००४ सालच्या ‘झिग्बी’ पद्धतीनें ही रचना पालटली. येथें प्रत्येक दिव्यापाशीं स्वतःचें बिनतारी यंत्र व थोडी स्मरणशक्ति असते. ‘तूं अमुक समूहांतला’ असें त्याला एकदां सांगितलें कीं तो तें टिपून ठेवतो. मग बटण समूहाचा क्रमांक घेऊन एकच हाक देतें. दिवे ती एकमेकांकडून पुढें पोहोंचवितात, आणि ज्याच्या टिपणांत तो क्रमांक असेल तोच तिला ओ देतो. एकच दिवा ‘खिडकीची रांग’ आणि ‘सबंध मजला’ अशा दोन समूहांत नांदूं शकतो. खोलीच्या दोन झाल्या तरी केवळ टिपण बदलावें लागतें.

पण तें टिपण बदलण्याचा अधिकार कोणाचा? २०१६ सालीं इस्राएलांतील वाइझमन संस्थेच्या व कॅनडांतील डलहौसी विद्यापीठाच्या संशोधकांनीं याची परीक्षा पाहिली. नव्या धन्याची आज्ञा अगदीं जवळूनच स्वीकारावी, असा एका प्रसिद्ध जातीच्या दिव्यांचा दंडक होता. त्याच्या अंमलांत एक चूक राहिली होती. तिच्या आधारें एका इमारतीबाहेर उडणाऱ्या मानवरहित विमानानें आंतील दिव्यांना आपलेंसें केलें. दिव्यांनीं आपला समूह सोडला, आणि ते ‘एस ओ एस’ ही खूण देत लुकलुकूं लागले. १९०६ सालच्या बर्लिन परिषदेनें संकटांतील जहाजांसाठीं मान्य केलेली तीच ही बिनतारी खूण.

संशोधकांनीं कळविल्यावर निर्मात्यांनीं चूक दुरुस्त केली. तथापि मोठ्या इमारतींत समूह पाडतांना कोणते दिवे एकत्र असावेत, याबरोबरच ते कोणाचें ऐकतील, हेंहि आधीं ठरवावें लागतें. तार होती तोंपर्यंत दिवा ताब्यांत घेण्यासाठीं परक्याला निदान घरांत शिरावें लागे.