अजिंठ्याच्या भिंती आणि जवसाचे तेल : तैलरंगातील प्रतिकृतींचा इतिहास (१८४४ ते १८८५)

प्रस्तावना

बुलडाणा जिल्ह्यातील शेतकऱ्यास जवस हे पीक अपरिचित नाही. जवसाची चटणी व जवसाचे तेल वऱ्हाडातील घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे. हेच तेल पंधराव्या शतकापासून युरोपीय चित्रकलेचे मुख्य माध्यम झाले, याची मात्र आपल्याकडे फारशी जाणीव नसते. एकोणिसाव्या शतकात या माध्यमाचा आपल्या परिसराशी आलेला सर्वांत मोठा संबंध जिल्ह्याच्या सीमेलगतच्या अजिंठा येथे आला. तेथील लेण्यांतील भित्तिचित्रांच्या तैलरंगात प्रतिकृती करण्याचे काम प्रथम मेजर रॉबर्ट गिल याने व नंतर जॉन ग्रिफिथ्स व त्याच्या विद्यार्थ्यांनी केले. या प्रयत्नांकडे आजवर बहुधा साहस, प्रेमकथा किंवा दुर्दैव या दृष्टीने पाहिले गेले. प्रस्तुत लेखात त्यांचा विचार चित्रकाराच्या साहित्याच्या अंगाने केला आहे. तेल, कॅनव्हास आणि वार्निश यांच्या गुणधर्मांनी प्रतिकृतींचे रूप ठरवलेच, शिवाय मूळ भिंतींचे भवितव्यही काही अंशी ठरवले, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

मूळ चित्रांचे स्वरूप

अजिंठ्याची उत्तरकालीन लेणी इसवी सनाच्या पाचव्या शतकात, वाकाटक राजा हरिषेण याच्या काळात कोरली व रंगवली गेली. हरिषेण हा वत्सगुल्म शाखेचा राजा. वत्सगुल्म म्हणजे आपल्या शेजारचे वाशीम. सोळाव्या लेण्यातील शिलालेख हरिषेणाचा मंत्री वराहदेव याच्या दानाची नोंद करतो. तेव्हा या चित्रांच्या आश्रयदात्यांचा एक धागा वऱ्हाडाच्या भूमीत आहे, हे येथे नमूद करणे अप्रस्तुत ठरू नये.

चित्रांचे तंत्र असे होते. खडबडीत खडकावर माती, शेण, भाताचा तूस व वनस्पतींचे तंतू यांचा गिलावा, त्यावर पांढरा पातळ लेप आणि हा लेप वाळल्यानंतर डिंक वा सरस यांसारख्या चिकट द्रव्यात कालवलेले रंग. तांबडी व पिवळी गेरू, हिरवी माती, काजळी आणि पांढरी माती हे रंग सहज मिळणारे. निळ्यासाठी मात्र अफगाणिस्तानातून येणारा राजावर्त लागे. एकोणिसाव्या शतकातील लेखक या चित्रांना सरसकट ‘फ्रेस्को’ म्हणत. खऱ्या फ्रेस्कोत रंग ओल्या चुन्यावर देतात व तो चुन्याशी एकजीव होतो. अजिंठ्याचा रंग कोरड्या लेपावर केवळ चिकटलेला आहे. पुढील सारा प्रश्न या एका भेदातून उद्भवतो.

गिलची एकोणीस वर्षे

१८१९ साली जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या दृष्टीस ही लेणी पडली. जेम्स फर्ग्युसनच्या लेखनामुळे व रॉयल एशियाटिक सोसायटीच्या आग्रहामुळे ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांनी १८४४ मध्ये चित्रांच्या प्रतिकृती करविण्यास मंजुरी दिली आणि मद्रास सैन्यातील अधिकारी रॉबर्ट गिल याची नेमणूक झाली. अजिंठा गावातील बारादरीत त्याने मुक्काम केला व १८६३ पर्यंत हे काम चालविले. प्रतिकृती मूळ आकाराच्या बरोबरीने, कॅनव्हासवर, तैलरंगात करावयाच्या होत्या.

तैलचित्रकाराचे साहित्य त्या काळी या मुलखात कसे उपलब्ध असणार? सैन्यातील माणसास बंदूक व घोडा मिळे, शिशाच्या पांढऱ्याची नळी मिळत नसे. पूर्वी तेलात घोटलेले रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत भरून ठेवीत. ती एकदा टोचली की रंग लवकर सुकत असे. १८४१ मध्ये जॉन रँड या अमेरिकन चित्रकाराने कथिलाच्या दाबता येणाऱ्या नळीचे पेटंट घेतले आणि चित्रशाळेच्या बाहेर, दूरदेशी तैलरंगात काम करणे प्रथमच सुकर झाले. गिलची नेमणूक त्यानंतर अवघ्या तीन वर्षांची आहे. भुसावळवरून नागपूरकडे जाणारी रेल्वे १८६७ मध्ये पूर्ण झाली, म्हणजे त्याच्या कामाच्या सर्व काळात सामानाची शेवटची मजल बैलगाडीवरच अवलंबून होती.

कॅनव्हास ताणून त्यावर प्रथम सरसाचा हात द्यावा लागतो, अन्यथा तेल कापडाचे तंतू कुजविते. त्यावर पांढरी भूमी, मग चौकटी आखून रेखन, मग टर्पेंटाइनने पातळ केलेला पहिला थर आणि वर क्रमाने अधिक तेलाचे थर. हा क्रम उलटला तर वरचा थर आधी सुकतो, खालचा नंतर आकसतो व चित्रास भेगा पडतात. जवसाचे तेल पाण्याप्रमाणे उडून जात नाही. ते हवेतील प्राणवायू शोषून घट्ट पापुद्र्यात रूपांतरित होते व त्यास दिवस, कधी आठवडे लागतात. पावसाळ्यात वाघूरच्या दरीतील दमट हवेत हा काळ आणखी लांबतो, कॅनव्हास सैल पडतो, सरसावर बुरशी धरते. लेण्यांच्या आतील भिंतींवर उजेड फार थोडा वेळ पोहोचतो. वटवाघळे व मधमाश्या यांचा उपद्रव वेगळाच. एका मोठ्या प्रतिकृतीस लागणारा काळ लक्षात घेता एकोणीस वर्षांचा कालावधी आळसाचा पुरावा मानता येत नाही. गिलच्या संथपणाविषयी वरिष्ठांनी वेळोवेळी कुरकुर केली असेल, परंतु कार्यालयात बसून तेल सुकण्याचा वेग वाढविता येत नाही.

येथे पारोचा उल्लेख अपरिहार्य आहे. अजिंठा गावातील तिच्या समाधीवर २३ मे १८५६ ही तारीख कोरलेली आहे. ना. धों. महानोरांच्या ‘अजिंठा’ या काव्याने व त्यावर आधारित, २०१२ मध्ये प्रदर्शित झालेल्या नितीन चंद्रकांत देसाई यांच्या चित्रपटाने ही कथा मराठी मनात रुजविली. कथेचे मोल मान्य करूनही असे म्हणावेसे वाटते की, तिच्या छायेत गिलचे प्रत्यक्ष काम झाकोळले गेले.

त्या कामाचा शेवट विदारक झाला. लंडनजवळील सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडलेल्या प्रतिकृती ३० डिसेंबर १८६६ च्या आगीत भस्मसात झाल्या. तेथे न मांडलेल्या मोजक्याच वाचल्या. त्या आता व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. सुकलेले तेल, कापड आणि लाकडी चौकट ही तिन्ही ज्वलनशील. भिंतीवरील मातीची चित्रे चौदा शतके टिकली आणि त्यांच्या रक्षणार्थ केलेल्या नकला काही तासांत गेल्या.

दरम्यान गिलने छायाचित्रण आत्मसात केले होते. १८६४ मध्ये त्याच्या छायाचित्रांचे फर्ग्युसनच्या टिपणांसह दोन ग्रंथ निघाले. आपल्या जिल्ह्यातील लोणारची मंदिरेही त्याच्या कॅमेऱ्याने टिपली. बुलडाणा जिल्ह्याच्या वास्तूंचे दृश्य दस्तऐवज शोधणाऱ्यास म्हणूनच या तैलचित्रकाराकडे वळावे लागते. रंग मात्र त्या काळच्या छायाचित्रात येत नसे, त्यामुळे अजिंठ्यासाठी कुंचल्याची गरज शिल्लकच राहिली. गिलचे निधन १८७९ मध्ये झाले. त्याचे थडगे भुसावळ येथे आहे.

ग्रिफिथ्स आणि त्याचे विद्यार्थी

१८७२ पासून १८८५ पर्यंत मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधील शिक्षक जॉन ग्रिफिथ्स हिवाळ्यात विद्यार्थ्यांसह अजिंठ्यास येत असे. या तेरा वर्षांत सुमारे तीनशे प्रतिकृती झाल्या. एकट्या गिलचे काम व हे काम यांत मूलभूत फरक आहे. येथे कार्यशाळा आहे, श्रमविभागणी आहे आणि कुंचला बहुतांशी भारतीय हातांत आहे. पेस्तनजी बोमनजी व जगन्नाथ अनंत ही त्यांतील नावे. १८९६-९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन खंडांच्या भव्य ग्रंथावर मात्र लेखक म्हणून ग्रिफिथ्सचेच नाव आहे. संशोधन प्रकल्पांत साहाय्यकांच्या श्रमांचे काय होते, हे प्राध्यापकवर्गास वेगळे सांगावयास नको.

पेस्तनजी (१८५१ ते १९३८) पुढे तैलरंगातील व्यक्तिचित्रकार म्हणून नावारूपास आले. पारशी घरांतील माणसे, वस्त्रांचा पोत, अंधारातून येणारा मंद उजेड हे त्यांचे विषय. अजिंठ्याच्या रेषेचा ठसा त्यांच्या पुढील चित्रांत शोधूनही फारसा सापडत नाही. ज्या हातांनी ही रेषा वर्षानुवर्षे गिरविली त्या हातांनी ती आपली मानली नाही, याचे कारण त्यांना मिळालेल्या शिक्षणात आहे. जे. जे. मध्ये अजिंठा हा अलंकरणाच्या नमुन्यांचा साठा होता आणि ‘चित्र’ म्हणजे तैलरंगातील छायाप्रकाश होता.

दुर्दैवाने या प्रतिकृतींनाही आगीने गाठले. १८८५ मध्ये लंडनच्या साउथ केन्सिंग्टन येथील आगीत त्यांचा मोठा भाग नष्ट झाला. उरलेल्यांचे मूल्य आज निर्विवाद आहे, कारण त्यानंतर भिंतींवरून गळून पडलेले काही अंश केवळ त्यांतच पाहावयास मिळतात.

वार्निशचा प्रश्न

प्रतिकृतीच्या काळात मूळ चित्रांवर वार्निश फासले गेले, ही गोष्ट सर्वज्ञात आहे. त्याचे खापर नेहमी बेपर्वाईवर फोडले जाते. प्रस्तुत लेखकास त्यामागे माध्यमाचे तर्कशास्त्र दिसते.

डिंकात किंवा सरसात बांधलेल्या कोरड्या रंगाच्या कणांभोवती हवा असते. प्रकाश त्या कणांवर आपटून विखुरतो, म्हणून रंग मंद, खडूसारखा दिसतो. तेलाने ही पोकळी भरली की विखुरणे कमी होते, प्रकाश खोल शिरतो आणि तोच रंग गडद व तेजस्वी भासतो. ओल्या मातीचा रंग कोरड्या मातीहून गडद दिसतो, त्याचेही कारण हेच. तैलरंगात वाढलेल्या डोळ्यास भिंतीचा धुळीने व काजळीने झाकलेला मंद रंग अपुरा वाटणे स्वाभाविक होते. वार्निशचा हात दिला की अंधारातील आकृती क्षणात उजळत, आणि महत्त्वाचे म्हणजे त्या कॅनव्हासवरील रंगाशी जुळत. नकलेसाठी मूळ चित्रच नकलेच्या माध्यमात ओढले गेले.

पुढे वार्निश पिवळे, मग तपकिरी झाले. त्याखाली धूळ व वटवाघळांची घाण कोंडली गेली. त्याचा पापुद्रा आकसताना खालचा रंग, जो भिंतीशी एकजीव नव्हता, पोपडे धरून सुटू लागला. खऱ्या फ्रेस्कोवर हाच उपचार इतका घातक ठरला नसता. ‘फ्रेस्को’ हे चुकीचे नाव हा केवळ परिभाषेचा दोष नव्हता, तो याच ठिकाणी भोवला.

१९२० ते १९२२ या काळात निजाम सरकारने बोलाविलेल्या लोरेंझो चेकोनी व ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांनी सुटलेला गिलावा पक्का केला, हे त्यांचे मोठे श्रेय. परंतु त्यांनीही पृष्ठभागावर लाखेचा लेप दिला आणि तोही काळवंडला. त्यापूर्वी १९०९ ते १९११ मध्ये ख्रिस्तियाना हेरिंगहॅम हिने नंदलाल बोस, असितकुमार हालदार आदी तरुणांसह प्रतिकृती केल्या तेव्हा तेल बाजूस ठेवून जलरंग वापरले होते. हेरिंगहॅम स्वतः टेम्परा तंत्राची अभ्यासक होती. जलरंगात अजिंठ्याची रेषा पुढे आली, छायाप्रकाश मागे पडला आणि नंदलालांनी ती रेषा आयुष्यभर सोबत बाळगली. पेस्तनजी व नंदलाल यांच्यातील अंतर राष्ट्रीय भावनेचे आहे असे सामान्यतः म्हटले जाते. ते काही प्रमाणात तेल व पाणी यांतीलही अंतर आहे.

अलीकडच्या दशकांत भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांनी हे लेप उतरविण्याचे काम हाती घेतले. लाख मद्यार्कात विरघळते, सरस विरघळत नाही. उलट पाणी लागल्यास सरस सैल होतो व रंग निघून येतो. म्हणून पाणी कटाक्षाने दूर ठेवून, कापसाच्या बोळ्याने, बोटभर जागेवर एका वेळी काम करावे लागते. एका हिवाळ्यात काही विद्यार्थ्यांनी मोठ्या कुंचल्याने जेवढी भिंत वार्निशने झाकली असेल, तेवढी मोकळी करण्यास अशा रीतीने अनेक वर्षे लागतात.