लसीकावाहिन्या आणि यकृताचे अधिराज्य
इ.स. १६२२ मध्ये इटलीत गास्पारे आसेल्ली याने नुकत्याच जेवलेल्या कुत्र्याचे उदर उघडले. आतड्यांच्या आवरणावर दिसलेल्या रेषा त्याला प्रथम मज्जातंतू वाटल्या. छेद देताच मात्र दुधाळ द्रव वाहू लागला. तथापि गेलनच्या मते अन्नरस यकृताकडेच जात असल्याने त्यानेही या वाहिन्या यकृतालाच जोडल्या! प्रत्यक्षावर ग्रंथप्रामाण्याने केलेली ही मात लक्षणीय आहे. हा रस वक्षनलिकेतून मानेजवळच्या शिरेत मिसळतो, हे झाँ पेके याने १६५१ मध्ये प्रसिद्ध केले. ऊतींत झिरपलेला द्रव रक्तात परतविणाऱ्या या वाटा अडल्या की सूज साचते. हत्तीरोगात कृमी त्याच निकामी करतात. त्या कृमींच्या अळ्या टिमथी लुईस याला १८७२ मध्ये कलकत्त्यात मानवी रक्तात आढळल्या.