फिरलेले देऊळ, न उघडलेले दार

नांदेडहून निघालेला रस्ता वारंगा फाट्यावर दुभंगतो. एक वाट कळमनुरीवरून हिंगोली, वाशीम, अकोल्याकडे जाते. दुसरी उमरखेडवरून यवतमाळ आणि नागपूरकडे. येणाऱ्याजाणाऱ्यांना हा फाटा ठाऊक आहे तो गाडी बदलण्यापुरता किंवा चहापुरता. परंतु मराठी साहित्याच्या विद्यार्थ्याने येथे क्षणभर थांबून चहूकडे पाहावे. मागे नांदेड आहे. तेथे १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगांचे देहावसान झाले. हिंगोलीच्या अंगाला औंढा नागनाथ आहे आणि नामदेवांचे जन्मगाव म्हणून मानली जाणारी नरसी आहे. आणि फाटा ज्या कळमनुरी तालुक्यात येतो, त्याच तालुक्यातील नांदापूर येथे १९३२ मध्ये नरहर कुरुंदकरांचा जन्म झाला. एक संत आणि एक नास्तिक, दोघेही याच मातीतले. या दोघांना एकत्र कसे वाचावे, हा आमच्यापुढचा प्रश्न आहे.

प्रश्न ग्रंथालयात सुचलेला नाही. तो वर्गात विचारला गेला. नामदेवांवरील तासाला आम्ही औंढ्याची कथा सांगत होतो. नामदेव देवळासमोर कीर्तनाला उभे राहिले, त्यांना हीन जातीचे म्हणून तेथून उठवण्यात आले, ते देवळाच्या मागे जाऊन गाऊ लागले आणि देऊळच त्यांच्याकडे तोंड करून फिरले. औंढ्याला नंदी मागच्या अंगास आहे, याकडे आजही पुरावा म्हणून बोट दाखवले जाते. एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, देऊळ खरंच फिरलं होतं का?” आम्ही सवयीने उत्तर दिले, “ते प्रतीक म्हणून घ्यायचे.” त्यावर तो म्हणाला, “आमच्या आजीला हे सांगू का?” वर्ग हसला. आम्हीही हसलो; पण उत्तर दिले नाही, कारण ते आमच्यापाशी नव्हते.

‘प्रतीक’ हा शब्द आम्ही अध्यापकांनी फार सोयीचा करून ठेवला आहे. त्यामुळे श्रद्धावानाला दुखवावे लागत नाही आणि आपली बुद्धीही शाबूत राहते. परंतु कीर्तनात उभा राहून ही कथा सांगणारा माणूस प्रतीक सांगत नसतो. तो घडलेली गोष्ट सांगत असतो. त्याच्या श्रद्धेला आपण आपल्या पसंतीचा अर्थ बहाल करतो आणि वर तो आदर समजतो. हा आदर नव्हे. ही टाळाटाळ आहे.

असेच दुसरे उदाहरण विसोबा खेचरांचे. गोरोबांनी थापटणे घेऊन संतांची डोकी तपासली, नामदेव कच्चे मडके ठरले आणि गुरूच्या शोधात विसोबांकडे आले. पाहतात तो विसोबा शिवलिंगावर पाय ठेवून निजलेले. नामदेवांनी हरकत घेताच त्यांनी सांगितले की, जेथे देव नसेल तेथे माझे पाय उचलून ठेव. सुधारक वृत्तीच्या वाचकाला येथे मोठा आनंद होतो. मूर्तीवर पाय! तेराव्या-चौदाव्या शतकातील केवढे हे बंड! पण कथा येथे संपत नाही. नामदेव पाय उचलून जेथे ठेवतात, तेथे नवे लिंग प्रकटते. मूर्तीविषयीची शंका एका चमत्काराने सिद्ध होते आणि शेवटी देव कमी होत नाही, तो सर्वत्र पसरतो. विसोबांची शंका देवाच्या जागेविषयी आहे, देवाच्या अस्तित्वाविषयी नाही. तिला आजच्या नास्तिकतेची पूर्वज ठरवणे म्हणजे कथेचा उत्तरार्ध फाडून टाकणे होय.

मग इतिहासाच्या अभ्यासकाने या कथांचे करायचे काय? दगड फिरत नाहीत, एवढे म्हणून मोकळे होता येत नाही. देऊळ फिरल्याची कथा मराठीत सर्वपरिचित झाली ती प्रामुख्याने महिपतींसारख्या चरित्रकारांमुळे. त्यांचा ‘भक्तविजय’ १७६२ चा, म्हणजे नामदेवांनंतर चार शतकांचा. परंतु तिची एक जुनी साक्ष महाराष्ट्राबाहेर आहे. १६०४ मध्ये सिद्ध झालेल्या आदिग्रंथात नामदेवांची ६१ पदे समाविष्ट आहेत आणि त्यांतील एका पदात हा प्रसंग येतो. तेथे औंढ्याचे नाव नाही, नंदी नाही. भक्तीत रमलेल्या नामदेवाला धरून उठवले जाते, तो घोंगडी घेऊन देवळामागे जाऊन बसतो आणि देवाला विचारतो की, मला छीप्याच्या जातीत जन्म तरी का दिलास? देऊळ फिरते ते त्यानंतर.

पंजाबात पोहोचेपर्यंत गावाचे नाव गळाले, क्षेत्रमाहात्म्य गळाले. अपमान मात्र टिकला. आमच्या मते, चमत्कारकथेत इतिहास सापडतो तो येथे. घडले नसेल ते देवळाचे फिरणे; घडले असावे ते उठवले जाणे. ज्या समाजात उठवले गेलेल्या माणसाची कोणीही माणूस बाजू घेत नाही, त्या समाजात दगडाला बाजू घ्यावी लागते. ही कथा रचणाऱ्यांना आणि जपणाऱ्यांना न्यायाची कल्पना होती. न्याय करणारी व्यवस्था त्यांच्यापाशी नव्हती.

आणि याच ठिकाणी शंका घेणाऱ्याचे काम सुरू होते. चमत्काराने मिळालेला न्याय पुढे कोणाच्या पदरात पडला? मंगळवेढ्यास १३३८ मध्ये गावकुसाचे बांधकाम कोसळून चोखामेळा त्याखाली गेले. परंपरा सांगते की, ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आले ती त्यांची, असे ओळखून नामदेवांनी ती पंढरपुरास आणली आणि महाद्वारासमोर समाधी बांधली. दारासमोर, दाराच्या आत नव्हे. कथेतले देऊळ एका शिंप्यासाठी फिरले. पंढरपूरचे खरे दार चोखोबांच्या जातिबांधवांसाठी सहा शतके उघडले नाही. ते उघडावे म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये उपोषणास बसावे लागले. गुरुजी स्वतः श्रद्धावान होते, हे येथे विसरता कामा नये. परंतु त्यांनी चमत्काराची वाट पाहिली नाही. गावोगाव फिरून लोकमत जागे केले आणि मग प्राण पणाला लावले. कथेत जे दगडाने केले, ते प्रत्यक्षात माणसांना करावे लागले.

कुरुंदकरांची आठवण आम्हांस येथे होते. निजामी राजवटीत वाढलेला, नांदेडच्या पीपल्स कॉलेजात अध्यापन करणारा आणि पुढे तेथेच प्राचार्य झालेला हा समीक्षक उघडपणे नास्तिक होता. तरीही धर्मग्रंथांकडे त्याने पाठ फिरवली नाही. मनुस्मृतीवरील त्यांची व्याख्याने पुस्तकरूपाने उपलब्ध आहेत. तेथे ते ग्रंथाच्या विरोधात उभे आहेत, याविषयी संदिग्धता नाही. पण विरोध करण्यापूर्वी ते समर्थकांचे युक्तिवाद मांडतात, तपासतात आणि मगच बाजूला सारतात. ग्रंथ त्याच्या काळात ठेवून वाचणे आणि आपल्याला नको असलेला भाग गाळून त्याला निर्दोष न ठरवणे, ही शिस्त आम्ही त्यांच्याकडून घेतो. १० फेब्रुवारी १९८२ रोजी औरंगाबादेत, व्यासपीठावर असतानाच त्यांचे निधन झाले. त्यांची शिस्त मनुस्मृतीला लावणे आज तुलनेने सोपे आहे. आपल्या आवडत्या संतांना ती लावणे अवघड आहे.

या अवघडपणाची साक्ष आपल्या कायद्यातही सापडते. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली. त्यानंतर काही दिवसांतच जादूटोणाविरोधी अध्यादेश निघाला आणि डिसेंबर २०१३ मध्ये कायदा संमत झाला. या कायद्याने भोंदूगिरीच्या चमत्कारांना गुन्हा ठरवले. मात्र होऊन गेलेल्या संतांचे चमत्कार सांगणे, त्यांचा प्रचार करणे हे त्याच्या कक्षेबाहेर ठेवले. कायदा म्हणून हे योग्यच आहे. जिवंत बाबा चमत्कार सांगून माणसाला लुबाडतो; आजी नातवाला औंढ्याची कथा सांगते तेव्हा कोणाचे नुकसान होत नाही. परंतु जे कायद्याने वगळले, ते विचारानेही वगळावे, असा त्याचा अर्थ नाही. तेथे फौजदाराचे काम संपते आणि वाचकाचे सुरू होते.

आम्हांपैकी काहीजण श्रद्धावान आहेत, काही नाहीत; हा लेख लिहितानाही आमचे एकमत झालेले नाही. एका गोष्टीवर मात्र झाले. त्या विद्यार्थ्याला आम्ही चुकीचे उत्तर दिले होते. आज तो भेटला तर आम्ही सांगू की, नाही, देऊळ फिरले नसावे. नामदेवांना उठवले गेले असावे, आणि कथा त्या उठवण्याची आहे. आजीला हे सांगायचे की नाही, ते त्याने ठरवावे. ती कथा सांगेल तेव्हा मध्ये बोलू नये, शेवटपर्यंत ऐकावी. ती संपली की चोखोबांच्या समाधीची आणि १९४७ सालच्या त्या दाराची गोष्ट आपण सांगावी. आजीलाही ती ऐकायला आवडेल, असा आमचा समज आहे.