१७६६३१९०४९ : वर्गप्रकृतीतील एक ज्येष्ठ मूल

शके १०७२ मध्ये (इ. स. ११५०) रचलेल्या बीजगणितात भास्कराचार्यांनी असा प्रश्न घातला आहे की, कोणत्या संख्येच्या वर्गास ६१ ने गुणून १ मिळविला असता पूर्ण वर्ग येतो? त्याचे लघुतम उत्तर कनिष्ठ मूल २२६१५३९८० व ज्येष्ठ मूल १७६६३१९०४९ असे आहे. ६० या गुणकास ज्येष्ठ मूल ३१ पुरते, ६२ ला ६३. मधल्या ६१ ला मात्र दहा अंक लागतात. एकेक संख्या तपासून येथवर पोहोचणे हाताने गणित करणाऱ्यास अशक्यच होते.

चक्रवालाची वाट मात्र आश्चर्यकारकरीत्या आखूड आहे. ८ चा वर्ग ६१ हून ३ ने अधिक; म्हणून कनिष्ठ १, ज्येष्ठ ८, क्षेप ३ येथून आरंभ होतो. एकाच फेऱ्यात कनिष्ठ ५, ज्येष्ठ ३९ व क्षेप ऋण ४ मिळतो. पुढील काम ब्रह्मगुप्ताच्या भावनेचे: तिने ऋण १ क्षेपास ३८०५ व २९७१८ ही मुळे येतात आणि त्यांच्या तुल्यभावनेने इष्ट उत्तर निघते. या अखेरच्या पायरीची खूण संख्येच्या दोन्ही बाजूंस उमटलेली आहे. तिच्या अलीकडची संख्या २९७१८ च्या वर्गाची दुप्पट, तर पलीकडची ३८०५ च्या वर्गाची १२२ पट आहे.

१६५७ साली फर्मा याने फ्रेनिक्ल यास हाच ६१ चा प्रश्न, १०९ च्या जोडीने, घातला. या साम्यावरून भारतीय ग्रंथ त्याच्यापर्यंत पोहोचल्याचा तर्क करण्याचा मोह होतो; पण त्यास पुरावा नाही आणि गरजही नाही. शंभराच्या आतील कोणत्याही गुणकाचे लघुतम उत्तर एवढे मोठे नाही. पद्धतीची कसोटी पाहू इच्छिणारा ६१ वरच येणार.

श्रेयाच्या बाबतीतही सावधगिरी हवी. उदयदिवाकराच्या १०७३ मधील ‘सुंदरी’ टीकेत जयदेवाची चक्रवालपद्धती उद्धृत आहे, हे कृपाशंकर शुक्ल यांनी १९५४ मध्ये दाखविले. तेव्हा ती भास्कराचार्यांहून जुनी ठरते. शिवाय उत्तर काढणे वेगळे आणि ते प्रत्येक अवर्ग गुणकास असतेच हे सिद्ध करणे वेगळे. ती सिद्धता लाग्रांजने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात दिली. चक्रवाल कधीच अडत नाही, याची उपपत्ती कृष्णस्वामी अय्यंगार यांनी १९३० च्या सुमारास मांडली.